सीस्टार एस५०: फक्त दीर्घिकांसाठी घ्यावी का?

झेडडब्ल्यूओ कंपनीची सीस्टार एस५० ही ‘स्मार्ट दुर्बीण’ २०२३ मध्ये आली. भिंग, कॅमेरा, मोटर, फिल्टर, बॅटरी आणि संगणक असं सगळं एकाच डब्यात आहे. नेत्रिका मुळीच नाही, जे काही दिसतं ते फोनच्या पडद्यावर. चंद्र, सूर्य आणि तेजोमेघ तिच्यातून कसे दिसतात यावर बऱ्याच जणांनी लिहिलं आहे. दीर्घिकांचा हिशेब मात्र वेगळा असतो. बहुतेक दीर्घिका आकाराने लहान आणि फिक्या असतात. शिवाय त्यांचा प्रकाश म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, त्यामुळे फिल्टर लावून तो उजळलेल्या आकाशापासून वेगळा काढता येत नाही. हे परीक्षण तेवढ्याच प्रश्नापुरतं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. खूप दीर्घिका ओळखीच्या करून घ्यायच्या असतील, एकामागून एक आकाश चाळायचं असेल, तर इतक्या कमी खटाटोपात हे काम करणारी साधनं फार थोडी आहेत. एकाच दीर्घिकेच्या सर्पिल भुजांमधले बारकावे हवे असतील तर ही दुर्बीण त्यासाठी नाही, आणि कितीही तास एक्सपोजर दिलं तरी ती त्यासाठी होणार नाही. का, ते आकड्यांतून लगेच कळतं.

भिंगाचा व्यास ५० मिमी आणि नाभीय अंतर २५० मिमी, म्हणजे एफ ५. भिंग तिहेरी, अपोक्रोमॅटिक, त्यामुळे तेजस्वी ताऱ्यांभोवती जांभळी कडा जवळपास नसते. सेन्सर सोनीचा आयएमएक्स४६२, १९२० × १०८० पिक्सेलचा, आणि एकेक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. २०६.२६५ ला २.९ ने गुणून २५० ने भागलं की दर पिक्सेलला सुमारे २.३९ विकला येतात (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). पूर्ण चित्रक्षेत्र होतं साधारण ७६ × ४३ कला. ५० मिमी भिंगाची स्वतःची विभेदनक्षमताही २.३ विकलांच्या आसपासच आहे, म्हणजे भिंग आणि सेन्सर एकमेकांना साजेसे आहेत. याचा फायदा असा की हवा थोडी अस्थिर असली तरी चित्रात फारसा फरक पडत नाही. तोटा असा की नंतर चित्र कितीही मोठं केलं तरी त्यात नवीन काही सापडत नाही.

आता हा आकडा दीर्घिकांना लावून पाहू. शामशबल तारकासमूहातली एम५१ (‘एम’ म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक) सुमारे ११ कला लांब आहे, म्हणजे चित्रात ती २७६ पिक्सेलची होते. तिच्या दोन्ही भुजा, जोडीदार दीर्घिका एनजीसी ५१९५ आणि दोघींना जोडणारा पूल एवढं स्वच्छ येतं. भुजांमधल्या धुळीच्या रेषा जाणवतात, पण तुटक. १८४५ मध्ये लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमधल्या बर इथे १८३ सेंमी व्यासाच्या आरशातून याच दीर्घिकेची सर्पिल रचना पहिल्यांदा पाहिली आणि तिचं चित्र काढलं. आज ५० मिमीचं भिंग आणि एक छोटा सेन्सर, छोट्या छोट्या एक्सपोजरच्या फ्रेम एकावर एक रचून, तीच रचना काही मिनिटांत दाखवतात. प्रकाश साठवत राहण्याची ताकद काय असते ते इथे कळतं, आणि या यंत्राची सगळी मदार त्याच ताकदीवर आहे.

सप्तर्षीतली एम८१ आणि एम८२ ही जोडी या चित्रक्षेत्रासाठी मापून केल्यासारखी आहे. दोघींमध्ये सुमारे ३७ कलांचं अंतर आहे, त्यामुळे चौकट लांबीच्या बाजूने नीट बसली तर दोघी एकाच फ्रेममध्ये येतात. एम८२ चा पृष्ठभाग तेजस्वी आहे. तिच्या मध्यातून जाणारे काळे पट्टे अर्ध्या तासातच दिसू लागतात. सिंहेतलं त्रिकुट, म्हणजे एम६५, एम६६ आणि एनजीसी ३६२८, हेही एका चौकटीत मावतं. अरुंधती केशातली एनजीसी ४५६५ कडेने दिसणारी आहे, १६ कला लांब आणि जेमतेम २ कला रुंद. तिची सुई ४०० पिक्सेल लांब येते आणि मधली धुळीची रेघ ठळक उठते. माझ्या मते या दुर्बिणीतून सगळ्यांत समाधान देणारी दीर्घिका हीच. कन्येतली एम१०४ नऊ कलांची आहे, म्हणजे सव्वादोनशे पिक्सेल. धुळीचा पट्टा स्पष्ट दिसतो, पण पट्ट्यातली गुंतागुंत नाही.

एम१०१ आणि एम३३ यांच्याबाबतीत नवख्यांची हमखास निराशा होते. पुस्तकात एम३३ ची प्रत (तेजाचं माप, आकडा लहान तितकी वस्तू तेजस्वी) ५.७ दिलेली असते, त्यामुळे ती सोपी वाटते. पण तो सगळा प्रकाश ७० × ४० कलांच्या क्षेत्रावर पसरलेला आहे, आणि दर चौरस कलेच्या वाट्याला फार थोडा येतो. एम१०१ चंही तेच. या दोघींसाठी अंधारं आकाश आणि किमान तीन-चार तास धरून चालावं. शिवाय एम३३ चौकटीत अगदी काठोकाठ बसते. चौकट उभी असते आणि आकाशाच्या तुलनेत तिची दिशा रात्रभर बदलत राहते, म्हणून दीर्घिकेचा लांब अक्ष चौकटीच्या लांब बाजूशी जुळेल अशी वेळ ॲपमधल्या आकाशनकाशात आधी पाहून ठेवावी.

देवयानी दीर्घिका, एम३१, तीन अंशांहून लांब आहे. साध्या चौकटीत तिचा गाभा आणि आसपासचा भाग एवढंच येतं. ॲपमध्ये मोझेकची, म्हणजे तुकडे जोडून मोठं चित्र करायची सोय आहे, तिने क्षेत्र लांबी-रुंदीत साधारण दुप्पट करता येतं आणि चौकट फिरवताही येते. मात्र यंत्र तेवढाच वेळ जास्त जागेवर वाटतं. क्षेत्रफळ चौपट केलं तर प्रत्येक तुकड्याला एक चतुर्थांश वेळ मिळतो, आणि तुकड्यांच्या जोडांवर उजेडाचे पट्टे राहू शकतात. पूर्ण एम३१ हेच मुख्य उद्दिष्ट असेल तर याच मालिकेतली धाकटी एस३० जास्त सोयीची: ३० मिमी भिंग, १५० मिमी नाभीय अंतर, दर पिक्सेलला ४ विकला, चित्रक्षेत्र २.१ × १.२ अंश. बाकी सगळ्या लहान दीर्घिकांसाठी एस५० च घ्यावी. त्यांना मोठं क्षेत्र लागत नाही, प्रकाश आणि पिक्सेल लागतात.

मांडणी आणि सेटिंग

यंत्र सुरू केल्यावर ॲप पातळी दाखवतं. अर्ध्या अंशाच्या आत आणेपर्यंत पुढे जाऊ नये. ट्रायपॉडचे पाय शक्यतो न लांबवता पक्क्या जमिनीवर ठेवावेत. गच्चीवर कोणी चालत असेल तर त्याचा हादरा थेट फ्रेममध्ये येतो. कंपास कॅलिब्रेशन लोखंडी कठड्यापासून दूर करावं. पुढचं काम यंत्र स्वतः करतं: आकाशाचा एक फोटो घेऊन तारे ओळखतं, आपण कुठे पाहतोय ते ठरवतं आणि दीर्घिका चौकटीच्या मध्यावर आणतं. हा भाग खरोखर उत्तम जमला आहे. विरळ ढग असले तर मात्र पुरेसे तारे न सापडल्याने इथेच अडतं.

दीर्घिकेसाठी सगळ्यांत महत्त्वाचं सेटिंग म्हणजे एलपी (प्रकाशप्रदूषण) फिल्टर बंद ठेवणं. हा आतला ड्युअल बँड फिल्टर हायड्रोजन अल्फा आणि ऑक्सिजन-३ या दोन पट्ट्यांपुरताच प्रकाश आत सोडतो. तेजोमेघांचा प्रकाश नेमका तिथेच असतो, म्हणून त्यांना फायदा होतो. दीर्घिकेचा प्रकाश सर्व तरंगलांबींवर पसरलेला असतो. फिल्टर लावला की आकाशाच्या उजेडासोबत दीर्घिकाही गाळली जाते, आणि रंगही बिघडतात. शहरात राहणाऱ्यांना हे पटायला जड जातं, पण शहरातही दीर्घिकेसाठी तो बंदच असावा. एम३३ मधल्या एनजीसी ६०४ सारख्या हायड्रोजनच्या ढगांसाठी किंवा एम८२ मधून बाहेर फेकल्या जाणाऱ्या लाल वायूसाठी वेगळे तास काढून फिल्टर लावता येतो. तो नंतरचा उद्योग आहे.

एक्सपोजरसाठी १०, २० आणि ३० सेकंद असे पर्याय आहेत. इथे माउंटचं स्वरूप समजून घ्यावं लागतं. मुळात यंत्र वर-खाली आणि डावी-उजवीकडे असंच फिरतं, त्यामुळे दीर्घिका मध्यावर राहिली तरी आजूबाजूचं आकाश चौकटीत हळूहळू फिरतं. विषुववृत्ताजवळच्या ठिकाणी, उत्तर-दक्षिण रेषेवर ६० अंश उंचीवर असलेल्या वस्तूसाठी हा वेग ताशी ३० अंश येतो. १० सेकंदांत कोपऱ्यातला तारा दीड पिक्सेल सरकतो, ३० सेकंदांत जवळपास पाच. मध्यावरच्या एम५१ च्या टोकाला मात्र १० सेकंदांत ०.२ पिक्सेलसुद्धा फरक पडत नाही. म्हणजे दीर्घिका सुरक्षित असते, कोपऱ्यातले तारे कमानीसारखे ओढले जातात आणि शेवटच्या चित्राच्या कडा झिजलेल्या दिसतात. पूर्वेला किंवा पश्चिमेला असलेल्या वस्तूला हा त्रास फार कमी, खस्वस्तिकाजवळ (थेट डोक्यावर) सर्वांत जास्त. ८० अंशांच्या वर दीर्घिका गेली की दुसरी निवडावी आणि ती खाली उतरल्यावर परत यावं.

यावरचा खरा उपाय म्हणजे इक्विटोरियल मोड. २०२५ मधल्या फर्मवेअरपासून तो अधिकृतपणे मिळतो. ट्रायपॉडवर वेज (कलता आधार) किंवा मजबूत झुकणारं हेड लावून यंत्राचा उभा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे, म्हणजे क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतका वर येईल असं ते कलवायचं, ॲप ध्रुवापासूनची चूक दाखवतं, ती हाताने कमी करायची. एक अंशाच्या आत आली की काम भागतं. मग क्षेत्र फिरत नाही, कडा स्वच्छ राहतात आणि २०-३० सेकंदांच्या फ्रेम बाद होण्याचं प्रमाण चांगलंच घटतं. कलवलेल्या स्थितीत वजन एका बाजूला जातं, म्हणून ट्रायपॉडचा एक पाय यंत्राच्या झुकावाच्या दिशेने यायला हवा, नाहीतर ते कलंडू शकतं. कलवायचं नसेल तर १० सेकंदांवरच राहावं. २० सेकंदांना अर्ध्या फ्रेम बाद झाल्या तर मिळालेलं सगळं वाया जातं.

वेळ आणि आकाश

नॉइज (चित्रातले खोटे ठिपके) फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. एका तासाचं चित्र दुप्पट स्वच्छ करायचं तर एकूण चार तास लागतात. एम५१, एम८२, एम१०४ यांना अर्धा तास दिला की ओळख पटण्याजोगं चित्र मिळतं. दोन तासांनंतर एम५१ भोवतीची फिकट प्रभा उठायला लागते. त्यापुढे प्रत्येक तासाचा फायदा कमी कमी होत जातो.

आकाशाचं गणित याहून कठोर आहे. आकाश एका प्रतीने उजळ असेल तर तेवढ्याच दर्जाच्या चित्रासाठी अडीच पट वेळ लागतो, आणि तीन प्रतींनी उजळ असेल तर सोळा पट. शहराच्या मध्यातले सोळा तास आणि चांगल्या अंधाऱ्या जागेतला एक तास जवळपास सारखे. अष्टमीनंतरचा चंद्र आकाशात असताना दीर्घिकांच्या मागे लागू नये, ती रात्र गुच्छांसाठी किंवा फिल्टर लावून तेजोमेघांसाठी वापरावी. मार्च ते मे या महिन्यांत संध्याकाळनंतर सिंह, कन्या आणि अरुंधती केश वर येतात. तेव्हा आपण आकाशगंगेच्या चकतीच्या बाहेर, तिच्या ध्रुवाकडे पाहत असतो, मध्ये धूळ कमी असते, म्हणून हाच दीर्घिकांचा खरा हंगाम. उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेकडे एम८४ आणि एम८६ वर चौकट लावली की मार्कॅरियनची साखळी या दीर्घिकांच्या रांगेचा पश्चिमेकडचा भाग आणि एकाच फ्रेममध्ये अर्धा डझन तरी दीर्घिका मिळतात.

कुठे बिघडतं

पुढच्या काचेवर दव धरलं की चित्र हळूहळू मलूल होतं आणि ताऱ्यांभोवती वलयं येतात. हीटर आत आहे, पण तो ॲपमधून चालू करावा लागतो, दव दिसल्यावर नव्हे, आधीच. ६००० एमएएचची बॅटरी हीटर चालू असताना पूर्ण रात्र पुरत नाही. यूएसबी-सी मधून पॉवर बँक जोडावी, आणि तिची वायर दुर्बिणीच्या फिरण्यात अडकणार नाही अशी सैल सोडावी. तापमान चार-पाच अंशांनी उतरलं की ऑटोफोकस पुन्हा करावा. फोकस थोडाही ढळला तर ताऱ्यांवर ते आधी कळतं, आणि दीर्घिकेचा गाभा आणि भुजाही एकमेकांत मिसळू लागतात. सेन्सरला शीतकरण नाही. यंत्र सुरुवातीला स्वतः डार्क फ्रेम (प्रकाश बंद करून घेतलेली फ्रेम) घेऊन वजा करतं, तरी उकाड्याच्या रात्री नॉइज वाढतोच.

ॲपमध्ये आपोआप तयार होणारं चित्र फोनवर दाखवायला ठीक आहे. त्यात गाभा बहुतेकदा जळलेला असतो आणि पार्श्वभूमीवर उजेडाचा उतार राहतो. एआय डीनॉइजचं बटण दीर्घिकांवर वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भुजांवरच्या ताऱ्यांच्या गाठी आणि नॉइजचे ठिपके यांतला फरक दोन-तीन पिक्सेलचा असतो. सगळं गुळगुळीत झालं की काय खरं आणि काय नाही ते सांगता येत नाही.

त्याऐवजी सेटिंगमध्ये प्रत्येक फ्रेम साठवण्याचा पर्याय चालू करावा. एक फिट्स फाइल सुमारे ४ एमबीची, म्हणजे १० सेकंदांच्या फ्रेमनी तासाला दीड जीबी. ६४ जीबीच्या साठ्यात बऱ्याच रात्री मावतात, पण भरत आला की उतरवून घ्यावं. वायफायपेक्षा यूएसबी केबलने ते लवकर होतं. पुढचं काम सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करावं. आधी फ्रेम डोळ्यांखालून घालून ढगाळ आणि ओढलेल्या फ्रेम काढून टाकाव्यात. मग डीबेयर (सेन्सरच्या नोंदीतून रंग काढणं), ताऱ्यांवरून जुळवणी आणि सिग्मा रिजेक्शनसह (इतर फ्रेमपेक्षा फारच वेगळे पिक्सेल वगळून) स्टॅकिंग, म्हणजे फ्रेम एकावर एक रचणं करावं, त्याने उपग्रहांच्या रेघा निघून जातात. त्यानंतर झिजलेल्या कडा कापाव्यात, आणि हे ग्रेडियंट (पार्श्वभूमीवरचा उजेडाचा उतार) काढण्याआधीच करावं, नाहीतर कडांमुळे पार्श्वभूमीचं मोजमाप चुकतं. ग्रेडियंट सिरिलमध्ये किंवा ग्रॅक्सपर्टमध्ये काढता येतो; नमुना बिंदू दीर्घिकेच्या प्रभेवर पडू देऊ नयेत, नाहीतर प्रभाच पुसली जाते. रंग ताऱ्यांच्या मोजमापावरून जुळवावेत आणि स्ट्रेच (फिके भाग उजळणं) एकदम न करता दोन-तीन टप्प्यांत करावा. वेगवेगळ्या रात्रींच्या फ्रेमही अशाच एकत्र स्टॅक करता येतात. दीर्घिकांसाठी या यंत्राचा सगळ्यांत मोठा फायदा मला हाच वाटतो, कारण दर वेळी नाभीय अंतर, सेन्सर, फोकसची पद्धत सगळं तेच असतं.

याच सारखेपणामुळे अतिनवतारे टिपायलाही ती चांगली. मे २०२३ मध्ये एम१०१ मध्ये सापडलेला एसएन २०२३आयएक्सएफ ११ व्या प्रतीपर्यंत उजळला होता, आणि इतका तेजस्वी अतिनवतारा या दुर्बिणीच्या एकेका फ्रेममध्येही उमटतो. नेहमीच्या दीर्घिकांची एकेक जुनी प्रतिमा जपून ठेवली की नवा ठिपका शेजारी ठेवून तपासता येतो.

याच्या पुढची पायरी हवी असेल तर २०० मिमी व्यासाचा, १००० मिमी नाभीय अंतराचा न्यूटोनियन आणि आयएमएक्स५३३ सेन्सरचा शीतकरण असलेला कॅमेरा. दर पिक्सेलला ०.७८ विकला पडतात, एम५१ साडेआठशे पिक्सेलची होते, आणि प्रकाश सोळा पट गोळा होतो. त्यासोबत भक्कम इक्विटोरियल माउंट, गायडिंग, आरशांची जुळवणी आणि प्रत्येक रात्री मांडणीला लागणारा तास-दीड तास हेही येतं. हे सगळं दर मोकळ्या रात्री करायची तयारी नसेल तर तो संच कपाटातच राहतो, आणि मग एस५० त्याच्यापेक्षा जास्त दीर्घिका दाखवते.

दूरवर किती जाता येतं, हे पाहायचं असेल तर अरुंधती केशातला दीर्घिकांचा गुच्छ, एबेल १६५६, घ्या. अंतर सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षं. एनजीसी ४८७४ आणि एनजीसी ४८८९ या दोन मोठ्या दीर्घिका मध्यावर ठेवून दोन तास दिले की आजूबाजूला डझनावारी अस्पष्ट, किंचित लांबट ठिपके उठतात. तारे गोल आणि टोकदार, दीर्घिका कडेला विरघळलेल्या, असा फरक १०० टक्के आकारात पाहिल्यावरच कळतो. स्टेफनचं पंचक हा पाच दीर्घिकांचा गट सुमारे ९० पिक्सेलमध्ये येतं, सदस्य मोजता येतात, त्यापलीकडे फारसं काही नाही. आणि कन्येतला ३सी २७३ हा क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा) १३ व्या प्रतीच्या आसपास आहे, अंतर सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षं. विषुवांश १२ तास २९ मिनिटं, क्रांती +२ अंश ३ कला या जागी चौकट लावून पंधरा मिनिटं पुरतात. तो साध्या ताऱ्यासारखाच दिसतो, म्हणून ताऱ्यांचा नकाशा शेजारी उघडून नेमका ठिपका जुळवून घ्यावा. सिरिलमध्ये चित्राचं स्थाननिश्चितीकरण करून घेतलं की कर्सर खाली निर्देशांक दाखवतो, मग जुळवणीला दोन मिनिटंही लागत नाहीत.